फ्रेम तेवीस

सुरुवात पासपोर्ट फोटोंनी. गुहागर नाक्यावर
निळा पडदा, एक स्टूल,
आणि आखातात निघालेले पोरगे, हनुवटी वर करून.
"हसू नका," एवढंच मी सहा वर्षं म्हणत होतो.

मग खाडीत मासे उलटे तरंगले.
शटर अर्ध्यावर ओढून बघायला गेलो,
तो तीस वर्षांनी परत आलो म्हणा.

कालवं फोडणाऱ्या बायका,
पाइपाच्या तोंडाशी चहाच्या रंगाचं पाणी,
अंगावर चट्टे घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसलेली मुलं,
ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी, जाळ्यावरच झोपलेले.
सगळं काळंपांढरं. रंगीत फिल्म परवडायची नाही;
लोक त्याला शैली म्हणाले.

भागीरथी पालशेतकरचे हात दिल्लीला गेले,
तिथून पुढे विमानाने.
शिंपल्यांनी चिरलेले, मिठानं पांढरे पडलेले,
भिंतभर, दोन पुरुष उंचीचे.
मी तिला पेपरातलं कात्रण दाखवलं.
कोयती खाली न ठेवता तिनं बघितलं.
"बांगड्या हिरव्या होत्या माझ्या.
काळ्या का केल्यास?"

परवा तिचा मुलगा आला, अनंत.
तेराव्याला फोटो लागतो. घरात एकही नाही म्हणाला,
रेशनकार्डावरचा ओलीनं खाल्ला.
"तुमच्याकडं असतीलच की. शंभर."

दोन रात्री पत्र्याच्या पेट्या उपसल्या.
निगेटिव्हना आंबूस वास सुटलेला.
हात. हात. पाठ. चिखलातल्या पोटऱ्या.
पुन्हा हात.
पदराखाली वाकलेली मान, आणि तिथंच चौकट संपलेली.
इतक्या वर्षांत मी चार फुटांपेक्षा लांब
कधी उभाच नव्हतो.

शेवटी ती कॉन्टॅक्ट शीट.
बावीस नंबर म्हणजे ते हात.
तेवीसवर लाल पेन्सिलीची फुली, माझीच.
हललेली, तिरकी, तोंड उघडं,
मागे पाण्याची रेघ खडकावर चढलेली.

मोठी करून दिली. अनंतनं ती खिडकीशी धरली.
"कुणावर खेकसतेय?"
"माझ्यावर. भरती आली, पाय काढ मेल्या, म्हणत होती.
मी खाली बघत होतो, बटण चुकून दाबलं गेलं."

तो बराच वेळ काही बोलला नाही.
पैसे विचारले, मी मान हलवली,
पायरी उतरताना म्हणाला,
"हार बारीकच आणतो.
तोंड झाकायला नको."