ल. शोनिया

पोती बंदरात गव्हाची जहाजं लागतात
आणि वजनकाट्याच्या खोलीत लामारा बसते,
पायाशी विजेची शेगडी, खिडकीबाहेर
निलगिरीची ओली झाडं.
ट्रक येतो, भरलेला. ट्रक येतो, रिकामा.
मधला फरक ती वहीत लिहिते.
वहीतला फरक आणि साहेबांच्या कागदावरचा फरक
यांच्यातला फरक
ती रात्री लिहिते, घरी, फोनवर,
उद्याचा राजमा भिजत घातल्यावर.
कधी उत्तरेच्या धक्क्याला गेलेल्या भेगा.
कधी नुसता वारा.

खाली सही: ल. शोनिया.
एवढंच.

जॉर्जियन भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे.
क्रियापदाला विचारा, कोण आलं, कोण बोललं,
ते खांदे उडवतं.
सहा वर्षं ती त्या भाषेच्या आडोशाला उभी राहून लिहीत होती
आणि सहा वर्षं वाचकांनी तिला मिशा दिल्या.
कुणी म्हणे निवृत्त कप्तान असणार,
कुणी म्हणे बातुमीचा इंजिनियर, पिणारा, पण प्रामाणिक.
पत्रं यायची: बातोनो शोनिया, महाशय,
तुमच्यासारखे चार पुरुष असते तर हा देश...

मला हे जमलं नसतं.
मी ज्या भाषेत हे सांगते आहे
ती पहिल्याच वाक्याला चुगली करते.
बघा, आत्ताच केली.

लामाराचा दीर, ग्वांजी,
जेवताना मोठ्याने वाचायचा तिचं लिहिणं, तिलाच.
"ऐक, हा माणूस काय म्हणतो. तूही वाचत जा कधीतरी."
ती म्हणायची, "चीज घे अजून."
सासू विचारायची, "लग्न झालंय का त्याचं?"

मग तिबिलिसीत एका सभागृहात
पाच जण मंचावर बसले. विषय:
आपल्याकडे बायका लिहीत का नाहीत.
"आम्ही शोधलं," त्यातला एक म्हणाला, अगदी कळकळीने,
"खूप शोधलं."
आणि कसं लिहायला हवं याचा दाखला म्हणून
नाव घेतलं ल. शोनियाचं.
लामारा सातव्या रांगेत होती.
मोजे ओले. मांडीवर डबा.
हात वर करावासा तिला वाटला की नाही
मला माहीत नाही.
एवढं माहीत आहे की परतीच्या गाडीत
तिने पूर्ण नाव टाइप केलं
आणि फोटो लावला: काट्याची खोली, शेगडी, ती.

दुसऱ्या दिवशी धक्क्याबद्दल कुणी बोलेना.
स्वेटरबद्दल बोलले.
डोळ्यांखालच्या वर्तुळांबद्दल.
गव्हाचे आकडे तेच, कालपर्यंत चोख,
आज चौकशी: हे तुला कुणी पुरवले?
नवरा लिहून देतो का?
(नवरा चार वर्षं तुर्कस्तानात चहा खुडतो आहे,
साधं पत्र लिहीत नाही.)
अहो-जाहो एका रात्रीत गेलं.
एकाने कळवलं, सहा वर्षं फसवलंस.
कशात, ते कळवलं नाही.

'लिहिते' म्हटलं की बाई दिसते,
बाईचा स्वेटर दिसतो.
पण 'लिहिलं' म्हणून बघा.
त्याने लिहिलं. तिने लिहिलं.
लामाराने लिहिलं.
इथे माझी चुगलखोर भाषाही गप्प बसते,
कर्त्याकडे मान वर करून बघत नाही,
तिला फक्त कर्माशी काम.

तीन दिवस ग्वांजीने जेवताना काही वाचलं नाही.
मीठसुद्धा आईकडून मागून घेतलं.
चौथ्या दिवशी मक्याची भाकरी मोडता मोडता
ताटाकडेच बघत म्हणाला,
"उत्तरेच्या धक्क्याला भेगा नऊ नाहीत.
अकरा आहेत. मी मोजल्यात."

लामाराने फडक्याला हात पुसले, वही ओढली.
"कुठल्या बाजूने मोजल्यास?"