कुंभारणीचं घर

विमान थंड असतं तेव्हा
आधी हात लावायचा, डोळे नंतर.
हे मी पुस्तकात वाचलेलं नाही.
खारेवाड्यावर बावीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं उघडली,
तिथे जेरोनीम मेस्त म्हणायचा:
गरम इंजिन खोटं बोलतं. थंड असताना विचार.

दाबोळीच्या सड्यावर सोमवारची पहाट.
नरकासुर जळून दोन दिवस झाले तरी
चिखलीकडून फटाक्यांचा वास येतोच आहे.
पंख दवाने ओले.
दोन माणसांचं हे विमान मला नेहमी
पावसाळ्यात पालथ्या घातलेल्या होडीसारखं वाटतं,
हलकं, आणि थोडं रुसलेलं.

इल्डा येते. एकोणीस वर्षांची. आज पहिल्यांदा एकटी.
कॅप्टन फुर्तादो शेडच्या दारात चहा पितात,
तिच्याकडे मुद्दाम बघत नाहीत.

किल्ली काढून समोर ठेवते, बाहेरून दिसेल अशी.
टाकीखालून काचेच्या नळीत निळं पेट्रोल घेते,
उजेडाकडे धरते.
तळाशी पाण्याचा एक थेंब, गोल, बेरकी.
ओतते. परत घेते. परत.
तिसऱ्यांदा नुसतं निळं.
बिजागऱ्या हलवते, खिळीच्या पाकळ्या चाचपते,
पात्याच्या कडेवरून नख नेते, खडीचा ओरखडा शोधत.

डाव्या पंखाच्या कडेला एक भोक आहे.
तिथे रुमाल लावून ती तोंडाने हवा ओढते,
आणि पंखातून सूर निघतो, बारीक, कुरकुरा,
सायकलवरच्या पदेराच्या पोंपोंसारखा.
वर वेग मरायला लागला की हेच वाजतं.
"पाव आले," मी म्हणतो.
ती हसत नाही.
बरोबर आहे.

पंखाखाली वाकते. थांबते.
"विसूबाब, हिचं झाकण कुठंय?"

लाल फितीचं झाकण माझ्या खिशात होतं.
शुक्रवारी काढलं, घालायचं राहिलं.
पोराच्या नरकासुराला डोळ्यांचे बल्ब बसवायचे होते.
आणि वहीत माझी सही
आज पहाटेच झाली होती, सगळ्या रकान्यांत, एका दमात.

वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडावर
लाल माती लिंपलेली,
गुळगुळीत, माझ्या कुठल्याही कामापेक्षा नीट.
कुंभारीण माशीला दोन दिवस म्हणजे चैन.

निघाली असती तर
इंजिन ओरडतंय, धावपट्टी मागे पळतेय,
आणि काटा सांगतोय, तू उभी आहेस.

फुर्तादोंनी कप खाली ठेवला.
कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

समोरून फुंकायचं नसतं.
मागची जोडणी सोडवली, हवा उलट्या वाटेने मारली.
कागदावर पडली माती,
तीन कोळी, मेलेले नव्हेत, झोपवलेले,
आणि तांदळाच्या कणीएवढी एक पांढरी अळी.
तिच्यासाठी ही सगळी तजवीज.

जोडणी घट्ट केली, गळती तपासली,
फुर्तादोंना दाखवलं.
जुनी सही खोडली, वेळ घातली, नवी केली.
या वेळी एकेक रकाना.

मग ती आत बसली. दार ओढलं, ढकलून पाहिलं.
मिश्रण पुढे, थ्रॉटल बोटभर, पाय ब्रेकवर.
खिडकीतून ओरडली, "क्लिअर!"
पुढे होतो मी आणि एक टिटवी.
मी बाजूला झालो. टिटवी शिव्या देत उडाली.

पातं एकदा अडखळलं, मग दिसेनासं झालं.
तेलाचा दाब वर यायला तीस सेकंद.
मी बाहेर उभा राहून मोजत होतो, उगाच.
धावपट्टीच्या टोकाला तिने मॅग्नेटो तपासले:
डावा, उजवा. आवाज दोनदा किंचित बसला,
दोनदा उठला.
एवढं कान अजून सांगतात.

वर जाताना मी पाहिलं नाही.
शेडमागे चिऱ्यांच्या भिंतीत
सावलीची एक फट बघून कागद हलकेच रिकामा केला.
जगेल की नाही, ठाऊक नाही.
लाल फीत मनगटाला गुंडाळून
तिथेच बसून राहिलो,
ती उतरेपर्यंत.