हातचा

सत्तावीस बटाटे, त्यात पंधरा घातले.
दोन मांडा, हातचा एक.
फेलिसाचं उत्तर त्रेचाळीस.

पुन्हा कर, म्हटलं. पुन्हा त्रेचाळीस.
"आई शेवटी एक वर टाकते ना, बाई.
यापा. तो मोजायचा नसतो?"

आचाकाचीच्या बाजारात मीही पाहिलंय
दोन्या बासिलियाला :
पैसे पोटाशी खोचून झाले
की गोणीच्या तोंडाशी हात जरा घोटाळतो,
मग एखादा गाठाळ, जांभळा बटाटा
गिऱ्हाइकाच्या पाठीवरच्या झोळीत,
तराजूकडे न बघता.

फुली मारायला उचललेला खडू
बोटांतच दमट झाला.

नंतर वजाबाकी. त्रेचाळिसातून अठरा.
तिनातून आठ जात नाहीत,
शेजारून दहा उसने घ्या.
"आणि परत कधी करायचे?"
मागच्या बाकावरून एलियोदोरो.
वर्ग खिदळला. फेलिसा नाही.
तिनं वहीच्या कडेला बारीक अक्षरांत
टिपून ठेवलं : शेजारी, देणं दहा.

बुधवारी तपासनीस येतील ला पासहून.
त्यांना बेचाळीसच लागतील, पोरी,
बेचाळीसच सांग.
तेवढा एक
हातचा राखून ठेव.