बोटभर सैल

तीनदा उतरली आज.
एकदा छावनीच्या चढावर,
एकदा भर बाड्यावर, चाट खाणाऱ्यांच्या ऐन गर्दीत,
आणि शेवटची दौलतगंजात, घराच्या इतक्या जवळ
की उचलूनच आणली असती,
पण लाज वाटली. सायकलची की माझी, कोण जाणे.

लईकभाईंचं दुकान आठवडाभर बंद.
मुलीचं लग्न, दतियाला.
फळीवर खडूने लिहिलंय: सोमवार को.
कोणता सोमवार, ते नाही.

जाताना पंधरा नंबरचा पाना मात्र
शेजारच्या पानवाल्याकडे ठेवून गेले,
सरनोबत मॅडम मागतील तर द्या, म्हणून.
त्यांना कसं कळलं?
तेवीस वर्षं मी त्यांच्यापुढे फक्त
उभी राहिले आहे, पर्स छातीशी धरून.

रात्री ओसरीत सायकल उलटी केली.
खाली परवाचा पेपर. पहिल्या पानावरचे मंत्री
हळूहळू काळे होत गेले.
मागच्या चाकाचा एक नट लगेच ऐकला.
दुसऱ्याला पायाचा दाब द्यावा लागला
आणि एक शिवी,
जी मला मराठीत येत नाही.

इथे हिला चैन म्हणतात.
चैन उतर गई, चैन चढ़ा दो.
आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही.
तिच्या लेखी चैन म्हणजे दुसरी साडी,
टांगा असताना रिक्षा.
पलीकडच्या कुशवाहीण काकी रात्री दार लावताना म्हणायच्या,
अब जाके चैन मिला.
मी या दोन दारांच्या मधल्या बोळात वाढले
आणि आता ही माझ्या मांडीवर,
एकशे बारा कड्यांची, तेलकट,
दोघींपैकी कुणाचीच नाही.

चाक मागे ओढलं.
उजवीकडून आलं की डावीकडून रुसतं.
मग वाटलं, ताणावीच एकदा. तारेसारखी.
पुन्हा उतरायची बिशाद नको.
ताणली, कसली, पायडल फिरवलं
तर अर्ध्या फेरीत करकरून अडलं,
पुढे पुन्हा ढिलं.

तेव्हा ऐकू आलं ते, कितीदा ऐकलेलं,
कधीच न ऐकलेलं:
मॅडम, चक्कर पूरा गोल नहीं होता,
किसी का नहीं.
जहाँ सबसे ज़्यादा कसे, वहीं उँगली भर ढील छोड़ो.

पुन्हा नट सोडले.
पायडल सावकाश फिरवत ती अडणारी जागा शोधली,
दातावर चुन्याच्या बोटाने खूण केली,
आणि तिथे, बरोबर तिथे,
चेन बोटाने वर-खाली हलेल इतकं
चाक परत पुढे जाऊ दिलं.
थोडा हा नट, थोडा तो.
पुन्हा हा.

सकाळी कंपूच्या दवाखान्यापर्यंत गेले.
चढावर एकदा कट्ट वाजलं.
पाय थांबवून वाट पाहिली.
काही नाही. नुसतं वाजलं होतं.

गोळ्यांच्या पुड्या बांधताना
नखांतलं काळं बघून एक आजोबा म्हणाले,
हात धुतलेत ना?
धुतलेत हो, चारदा.

येताना पानवाल्याने हाक मारली: पाना?
म्हटलं, सोमवारी देते.
कोणत्या, ते नाही सांगितलं.