काटा येईपर्यंत

थंडीमुळं शाळा बंद. कलेक्टरांनी सुट्टी
आणखी चार दिवस वाढवली.
ग्वाल्हेरला पौषात सकाळी नऊला
समोरचा विजेचा खांब दिसत नाही.
नाना विचारतात, "सिग्नल पडला का?"
मी म्हणते, धुकं आहे, थांबा.
गार्डाच्या नोकरीत मुरलेला माणूस,
धुकं म्हटलं की ऐकतो.
बाकी कशाला ऐकत नाही.

दाराच्या पार माथ्यावर नवी कडी आहे,
त्यांच्या हाताला लागू नये म्हणून.
दूधवाला आला की मीच स्टुलावर चढते.
कोटाच्या अस्तरात माझा नंबर शिवलाय.
डिसेंबरात अनवाणी गेले होते, हातात हिरवा टॉवेल,
छोट्या लाइनच्या फाटकाशी सापडले,
जिथून गाडी सुटायची केव्हाच बंद झाली.
मला बघून म्हणाले, "सबलगढला थांबेल. बसा."

आज भोगी.
सिगडीवर परात, खाली विस्तव जेमतेम.
तिळावर चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी फिरवायचं,
सुकला की पुन्हा चमचाभर.
विस्तव वाढवला तर पाक करपतो,
हात थांबला तर गोळा होतो.
हलव्याला काटा यायला अख्खी दुपार जाते,
कधी दोन.

आईचा सुरेख यायचा.
एका साली ही परात नानांनी उचलून अंगणात भिरकावली,
भाजी खारट झाली म्हणून.
दाणे मोरीपर्यंत. तीन दिवस मुंग्या.
आई काही न बोलता
नवे तीळ निवडायला बसली.
मी आठवीत होते. ठरवलं होतं,
मोठी झाले की ह्या माणसाशी बोलायचं नाही.

तो माणूस आता पाट ओढून जवळ येतो.
"बाई, मी फिरवू का थोडं?"
बाई म्हणजे मी.
फिरवतात. इतकं हलक्या हातानं,
की मला रागच येतो.
हे हात होते तर मग तेव्हा कुठं होते?

श्रीरंगचा फोन येतो बंगळुरूहून, चित्रासकट:
"किती शांत झालेत गं नाना! एका अर्थी बरंच की."
भदौरिया भाभी गजकाचा डबा देतात, म्हणतात,
"बाबूजी तो देवता हो गए."
देवता रात्री दोनला उठतो,
कपाटात लघवी करतो, आणि ओली चादर बदलताना
मला विचारतो, तुमचं घर लांब आहे का हो.

संक्रांत उद्या, पण त्यांची सकाळीच सुरू झाली.
डब्यातला लाडू माझ्या तळहातावर:
"तिळगूळ घ्या, गोड बोला."
पाच मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा.
मी घेतलेला लाडू गुपचूप डब्यात परत टाकते,
नाहीतर संध्याकाळपर्यंत पुरायचे कसे.

सहाव्या की सातव्या वेळी मी विचारलंच,
"परात का फेकली होती?"
"कुणी?"
एका माणसानं, म्हटलं. भाजी खारट झाली म्हणून.
त्यांनी खरोखर विचार केला.
कपाळाला ती जुनी आठी पडली, पोटात धस्स झालं माझ्या.
मग म्हणाले, "वाईट माणूस दिसतोय.
तुम्ही राहू नका त्याच्याकडे."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं,
नाही हो, तितका वाईट नव्हता.
परीक्षेला सोडायला यायचा, सायकलवर.
कुणी विचारलं होतं मला?

ते पुन्हा परातीत बोटं फिरवू लागले.
एक दाणा उचलून उजेडात धरला.
"आला का काटा?"
थोडा, म्हटलं. अजून बराच यायचाय.

खिडकीच्या काचेवर तोवर ऊन आलं होतं,
खांब दिसत होता, खांबावरचा कावळाही.
नानांनी टॉवेल खांद्यावर घेतला, दाराकडं पाहिलं.
धुकं आहे, म्हटलं मी. थांबा.