सत्तावीस

हिल्वेच्या वहीत एकोणीस हिवाळे आहेत,
सगळे पेन्सिलीनं, कारण शाई गोठते.
भोकाचा क्रमांक, बर्फाची जाडी, वारा कुठला,
आणि समासात कधीमधी एक अर्धं वर्तुळ.
ते काय, मी कधी विचारलं नव्हतं.

मी पावाची गाडी घेऊन किनाऱ्यावर उभा.
मागे राईचे चारशे पाव ऊब सोडताहेत,
पलीकडे हिउमा बेट नाश्त्याची वाट बघतंय.
हिल्वेनं हिरवी पाटी टांगली की निघायचं,
एवढंच माझं तिच्याशी नातं.

"सत्तावीस," ती ओरडली. "अठ्ठावीस. सत्तावीस."
नियमाला बावीस पुरतात.
मी इंजिन सुरू केलं,
आणि ती चालता चालता थांबली,
नव्या पुलापाशी गाय थांबते तशी.

पुढे काही नव्हतं. तोच पांढरा, तोच वारा.
मी उतरून तिच्यापर्यंत गेलो.
"काय झालं?"
"टाच."
"आकडे तर..."
"आकडे बरोबर आहेत."

तिचा भाऊ एंडेल याच पाण्याखाली गेला,
हे अख्ख्या बंदराला ठाऊक.
मन चिंती ते वैरी न चिंती, मी मनात म्हटलं,
बाई आता बर्फ मोजत नाहीये.
तिनंही स्वतःला तेच विचारलं असावं,
कारण हातमोजा काढून ती खाली बसली,
तळवा टेकवला,
तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा.
"भीती असती तर घाई केली असती तिनं," म्हणाली,
"हे घाई करत नाहीये."

मग गिरमिट रोवलं.
पांढरा भुगा. सव्वीस.
दोन पावलं डावीकडे. सत्तावीस.
मी घड्याळ पाहिलं, तिला दिसेल असं.
तिसऱ्या भोकात, अकरावर,
करकर एकदम थांबली.
गिरमिट सैल पडलं, काळं पाणी वर आलं,
त्याच्याखाली पुन्हा बर्फ.
पदर सुटले होते.

गोष्ट इथंच थांबवली असती तर बरी दिसली असती.
पण संध्याकाळी, सरबरीत कॉफीच्या टपरीत,
तिनं वही माझ्यासमोर उघडली.
एकूण तेवीस अर्धी वर्तुळं,
आणि सतरांपुढे लिहिलेलं: काही नाही.
सतरा वेळा टाच खोटं बोलली होती
आणि सतराही वेळा हिनं भोकं पाडली होती,
उणे वीसमध्ये, लोकांच्या शिव्या खात.

"मग विश्वास कशावर?"
तिनं पहिलं पान काढलं.
चोवीस. वारा उत्तरेचा. समास कोरा.
खाली तारीख, एंडेलची.
"त्या दिवशी टाच काही म्हणाली होती का,
मला आठवत नाही," ती म्हणाली.
"म्हणून लिहायला लागले."
आणि साखर मागितली.

चार दिवसांनी रस्ता उघडला.
बर्फावर सीटचा पट्टा बांधायचा नाही, असा नियम आहे.
दार किंचित उघडं, वेग ठरलेला,
वारा पावांचा वास घेऊन आत-बाहेर करतोय.
मी काट्याकडे बघतो. पुन्हा काट्याकडे.
मधेच कुठेतरी पाय आपोआप
पेडलवरून थोडा उचलला जातो,
आणि मला कळत नाही, हे तेच,
की कालची झोप अपुरी.

उतरलो की पेन्सिल घ्यायला हवी.