पाच दाती

वडिलांच्या वहीत कोंबड्यांना नावं नाहीत,
नंबर आहेत, टॉवेलच्या डिझाईनला असायचे तसे.
४१७ : मान तांब्याची, शेपूट काळी, उन्हात हिरवी मारणारी,
तुरा उभा, पाच दाती, मागचं पान मानेला न टेकणारं.
हे त्यांनी तोंडी सांगितलं म्हणून कळलं.
वही तेलुगूत आहे. मी मराठी शाळेची,
मला फक्त आकडे वाचता येतात.

एकतीस वर्षं ते अक्कलकोट रोडला रंगखात्यात होते.
कुलूप लागलं त्या महिन्यात
हिशेबाच्या पैशातून पत्रा आणला, जाळी आणली,
आणि दुधनीच्या बाजारातून सात गावठी कोंबड्या,
पाय बांधून, एसटीत मांडीवर.
आई सुपातली विडी न थांबवता म्हणाली,
चला, अंडी तरी खायला मिळतील.
मिळाली नाहीत. अंडी खुडूक कोंबडीखाली गेली,
तारीख टाकून, पेन्सिलीनं.

तुरा म्हणजे दागिना नव्हे, मल्लय्या बोम्मा सांगतात,
खिडकी आहे.
आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात
रक्त वर चढतं, वाऱ्याला लागतं, निवून खाली जातं.
म्हणून मोठा पाहिजे.
पण हाव केली की कलतो, एका डोळ्यावर पडतो,
आणि कोंबडा अर्ध्याच अंगणात दाणे टिपत फिरतो.

पहिल्या वर्षी सगळी पिल्लं मातकट.
दुसऱ्या वर्षी मान जमली, तुरा शेंगदाण्याएवढा.
तिसऱ्या वर्षी त्यांनी बापाखाली लेक लावली.
हे मी शेजारी कुणाला सांगितलं नाही.
सूत बिघडलं तर परत उकळता येतं, म्हणायचे,
इथे बिघडलेलं चालत येऊन पायाशी दाणे मागतं.

बघायला माणसं येतात. कुंभारीहून, मोहोळहून.
मान बघतात, शेपूट बघतात, आणि विचारतात,
वजन किती भरेल?
वडील त्यांना चहा पाजतात
आणि कोंबडा विकत नाहीत.

मग त्यांच्या डोळ्यांवर साय आली.
रात्री बॅटरीवर अंडं धरून मलाच विचारू लागले,
शिरा दिसतात का गं? कोळ्याच्या जाळ्यासारख्या?
रंगही मीच सांगायचा.
गुळासारखा आहे, मी म्हणाले.
कुठला गूळ? नवा, की एक पावसाळा खाल्लेला?
मला दोन गूळ माहीत नव्हते.
आता चार माहीत आहेत.

या खेपेला सतरा पिल्लांत एक नर निघाला.
पाच महिन्यांचा झाला तेव्हा मी त्याला उन्हात धरला
आणि माझाच श्वास अडकला.
मान : ताज्या घासलेल्या घागरीची.
शेपूट : काळी, वळली की हिरवी.
आणि उजव्या पंखात, आतल्या बाजूला,
एक पांढरं पीस.

उपटता आलं असतं. चिमटीत धरलंही होतं.
पांढरं कुठे आहे का? त्यांनी विचारलं.
आहे, मी म्हणाले. एक.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
पलीकडच्या गल्लीत मागाची खडखड चालू होती,
दोनच माग, पण चालू.
मग म्हणाले, सुताची लड रंगवायला सोडताना
बांधणारीनं गाठ फार घट्ट मारली
की गाठीखाली रंग पोचत नाही.
उघडून बघितलं की तेवढंच पांढरं.
मालक ओरडायचा.
मला मात्र ते बघितलं की कळायचं,
इथे कुणाचा तरी हात होता.

लिही, म्हणाले.
मी लिहिलं, वहीतली पहिली मराठी ओळ :
उजवा पंख, पांढरं पीस एक. हात कुणाचा, माहीत नाही.
शेवटचं त्यांनी सांगितलं नव्हतं.

आता कोंबडा त्यांच्या मांडीवर आहे, शांत,
एक पाय पोटाशी घेऊन.
तुऱ्यावरून बोट फिरतंय, पुढून मागे,
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू,
आणि तिथे थांबलंय.
पाचव्याच्या मुळाशी काहीतरी लागलंय, तांदळाएवढं.
इकडे ये, म्हणतात,
हा दात आहे, की खपली?